पानगळीची पानं आणि मुलांचं हस्तकाम : कोणतं पान, किती ओल, कोणतं काम

पळसबन

माघ लागला की आपल्याकडे साग, पळस, मोह, निंब, पिंपळ एकामागून एक रिकामे व्हायला लागतात. फाल्गुन-चैत्रापर्यंत शाळेच्या मैदानात, देवळाच्या पाराभोवती, शेताच्या धुऱ्यावर पानांचा नुसता खच. विदर्भात मुलांसोबत पानांची कामं करायचा हाच खरा हंगाम. पण बहुतेक ठिकाणी एक चूक होते. पान देखणं दिसलं म्हणून उचललं जातं आणि आधीच ठरवलेलं काम त्याच्यावर लादलं जातं. पान तडकतं, मुलं हिरमुसतात. उलट करायला हवं. पानात ओल किती उरली आहे ते आधी पाहायचं आणि काम त्यावरून ठरवायचं.

तपासायची रीत मुलांनाही जमते. पान मधल्या शिरेला आडवं दुमडा आणि उलगडा. अखंड राहिलं तर ते ओलसर. घडीवर बारीक पांढुरकी चीर उमटली तर निमसुकं. कटकन मोडलं तर करकरीत.

ओलसर पान म्हणजे बहुधा त्याच रात्री गळलेलं. द्रोण, पत्रावळ, घडीकाम, पिपाणी, वहीत दाबणं, जाळीदार पान ही सगळी कामं याच पानाची. निमसुक्या पानाचे ठसे, कागदाखाली ठेवून उमटवायची चित्रं आणि मागे कागद लावून मुखवटे चांगले होतात. करकरीत पानाचा चुरा करून तो रांगोळीसारखा चिकटवायचा. मुलांना पानांचे तीन ढीग करायला लावा. अर्धा तास यातच रंगून जातो आणि पुढची निम्मी नासाडी टळते.

वेचायची वेळ सकाळी सात ते नऊ. दवाने पान नरम असतं. दुपारी बारानंतर वेचलेलं सागाचं पान घरी पोचेपर्यंत कडेने फाटलेलं असतं. वेचताना टोपलं घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत पानं घामेजतात आणि दुसऱ्या दिवशी काळे डाग धरतात.

एक नियम मात्र सर्वांनी पाळावा. मेळघाट, ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर अशा राखीव क्षेत्रांतून पान, शेंग, पीस काहीही उचलून आणायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ तिथे लागू आहे, आणि गावात, शेतात पानांना तोटा नाही.

ज्यांना जे नेमकं जमतं त्यांनी ते मापासकट इथे लिहावं.

वऱ्हाडी_कडबा

भाऊ, करकरीत पानबी वाया जात नाही. गोणपाट पाण्यात बुडवून पिळून घ्या. त्याच्यावर पानं पसरा, वरून दुसरं ओलं गोणपाट टाका. रात्री टाकलं तं सकाळी पान नरम. बिडीवाले तेंदूपान कापाच्या आधी असंच ओलं करून ठेवतेत. पण एकच रात्र ठेवाचं. दुसरी रात्र गेली की बुरशीचा वास मारते. अन् पान डायरेक्ट पाण्यात बुडवाचं नाही, डाग पडते.

काढल्यावर लवकर वापरा लागते. मार्चात दुपारी उघडं ठेवलं तं अर्ध्या घंट्यात पुन्हा पापड. म्हणून एका वेळी आठ-दहा पानंच बाहेर काढाची, बाकी गोणपाटातच राहू द्याची.

मोहफूल

पळसाच्या पत्रावळीपासून सुरुवात करते, कारण सात वर्षांपुढच्या मुलांना ती एका बैठकीत जमते.

पळसाला पाने तीनच, पण तिन्ही सारखी नसतात. मधलं मोठं आणि दोन्ही बाजूंनी सारखं असतं. बाजूची दोन एका अंगाला तिरकी असतात. मधली पानं पत्रावळीला घ्यायची, बाजूची द्रोणाच्या तळाला किंवा ठशांना. एका पत्रावळीला आठ-नऊ मोठी पानं पुरतात.

टाक्यांसाठी बाजारातून काही आणायला नको. याच दिवसांत निंबाखाली पानं झडलेल्या बारीक काड्या पडलेल्या असतात. त्या तासभर पाण्यात ठेवा, नाहीतर टोचतानाच तुटतात. बांबूची बारीक कमची जास्त टिकते, पण तिच्या कुसळाने बोट चिरतं. लहान मुलांच्या हाती निंबाचीच काडी द्या.

पानं ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. एक मोठं पान मध्ये, गुळगुळीत बाजू वर. दुसरं पान पहिल्याच्या कडेवर एक तृतीयांश चढवायचं. जिथे दोन पानं एकमेकांवर आली आहेत तिथे काडी खाली खुपसून अर्ध्या सेंटिमीटरवर पुन्हा वर काढायची आणि दोन्हीकडे नखाएवढी ठेवून मोडायची. अशी सात-आठ पानं गोल फिरवत न्यायची. शेवटचं पान पहिल्याच्या खाली सरकवायचं, म्हणजे कड उचलत नाही.

टाका शिरेला लागून घालू नका. शिरेजवळ पान सरळ रेषेत फाटत जातं. दोन शिरांच्या मधल्या जागेत टोचायचं.

झालेली पत्रावळ लगेच उन्हात ठेवली की ती वळते आणि टाके उपसून येतात. पाटाखाली दगड ठेवून रात्रभर दाबा, दुसऱ्या दिवशी सावलीत वाळवा.

चिमणी_वर्ग

मोहफूलताई, पडलेल्या पानांच्या पत्रावळीत मुलांना खाऊ द्यायला चालेल का? आणि अंगणवाडीतल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांना काय देता येईल? काडी टोचणं त्यांना जमणार नाही.

मोहफूल

खाऊ नको. जेवणाच्या पत्रावळी झाडावरून तोडलेल्या ताज्या पानांच्या असतात. गळलेल्या पानावर पाखरांची विष्ठा, बुरशी, किड्यांची अंडी असतात आणि ती धुऊन खात्रीने जात नाहीत. फुलं, बिया, शिंपले ठेवायला वापरा.

त्यापेक्षा चांगला उपयोग म्हणजे रोपाचा द्रोण. दोन पळसपानं आडवी-उभी एकमेकांवर ठेवून चार बाजूंनी चुण्या घाला आणि प्रत्येक चुणीला एक काडी लावा. पोयट्याची माती आणि शेणखत दोनास एक भरून त्यात कारलं, दोडका नाहीतर सीताफळाचं बी पेरा. रोज थोडं पाणी दिलं तरी द्रोण दोन-तीन आठवडे तग धरतो. कारलं, दोडका तोवर लावण्याजोगे होतात. सीताफळाला जास्त वेळ लागतो, त्याला मध्ये एकदा द्रोणासकट दुसऱ्या द्रोणात ठेवायचं. लावताना द्रोण काढायचा नाही, तो मातीतच कुजतो आणि मुळांना धक्का बसत नाही.

पळसबन

चिमणी_वर्ग, तीन ते सहासाठी कागदाखालचं पान सगळ्यांत उत्तम. निमसुकं पान पालथं ठेवायचं, शिरा उठून दिसतात ती बाजू वर. त्यावर पातळ कागद ठेवून मेणखडूचं वेष्टन काढायचं आणि खडू आडवा धरून घासायचा. चित्र उमटत नसेल तर तीनपैकी एक कारण असतं : पान सुलटं आहे, कागद ड्रॉइंगचा जाड आहे किंवा मूल खडूच्या टोकाने घासतंय. पान सरकत असेल तर देठाला खळीचा ठिपका लावा.

यासाठी साग घेऊ नका. त्याच्या शिरा इतक्या जाड असतात की कागद फाटतो. पिंपळ, पळस, आपटा आणि देशी बदाम घ्या. बदामाचं लाल झालेलं पान शाळेच्या आवारात हमखास मिळतं आणि मुलं रंगाबद्दल विचारतातच. त्यांना खरं कारण सांगा. पानातलं हिरवं द्रव्य झाड मोडून परत घेतं, तेव्हा आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. बदामात लाल रंग मात्र गळायच्या आधी नव्याने तयार होतो.

खळीचं माप : तीन मोठे चमचे मैदा एक कप थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. एक कप उकळत्या पाण्यात तो ओता आणि मंद आचेवर पाच-सात मिनिटं, काचेसारखी झाक येईपर्यंत ढवळा. पाव चमचा तुरटीची पूड घातली की दोन दिवस आंबत नाही. जुन्या रीतीप्रमाणे काही जण मोरचूद घालतात. मुलांच्या खळीत ते अजिबात नको, विषारी आहे.

जाळीपान

जाळीदार पिंपळपानाबद्दल सविस्तर लिहितो, कारण यात सगळ्यांत जास्त पानं वाया जातात. फेब्रुवारी-मार्चात गळलेली पानं आत्ता घातली तर १४ एप्रिलच्या जयंतीला आणि वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेला भेटकार्डं तयार होतात. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत पिंपळपान बोधिवृक्षाचं म्हणून जपलं जातं, त्यामुळे मुलं हे काम फार जपून करतात.

पान पिवळं पण ओलसर घ्या. उजेडाकडे धरून पाहा. काळे ठिपके असले तर ते जाळीतही राहतात. वाटेवर पायाखाली आलेलं पान नको, त्याच्या शिरा आतून मोडलेल्या असतात.

बादलीत किंवा माठात पानं घालून वर दगड ठेवा, म्हणजे ती बुडून राहतील. तोंडाला फडकं बांधा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. दर चार-पाच दिवसांनी निम्मंच पाणी बदला. पूर्ण बदललं तर गर कुजवणारे जंतूही निघून जातात आणि काम लांबतं. उन्हाळ्यात तीन-चार आठवडे लागतात. वास येतो, म्हणून बादली वर्गापासून लांब.

झालं की नाही हे अंगठ्याने कळतं. पान थाळीत पाण्याखाली ठेवून अंगठा हलकेच फिरवा. हिरवट-तपकिरी साय सुटून खाली शिरांची जाळी दिसली तर तयार. ओढावं लागलं तर अजून आठवडा.

मग मऊ टूथब्रश. मधल्या शिरेपासून कडेकडे, एकाच दिशेने. आधी पालथी बाजू, मग सुलटी. पान हवेत उचलून कधीही घासू नका. पिंपळाचं लांब शेपूट सगळ्यांत आधी तुटतं. पानाखाली प्लास्टिकचा तुकडा सरकवा आणि त्याच्यासकट पान पाण्यातून बाहेर काढा. मग तुकडा तिरका करून पान सुती फडक्यावर घसरू द्या. वर्तमानपत्रावर ठेवलं तर ओल्या जाळीवर शाई उतरते. पांढऱ्या जाळीवर उमटलेलं बातमीचं अक्षर जात नाही.

कमची

जाळीपान, चार आठवडे थांबायला वर्गात वेळ नसतो. धुण्याच्या सोड्यात शिजवलं की त्याच दिवशी होतं. एक लिटर पाण्याला तीन मोठे चमचे सोडा, मंद आचेवर पाऊण ते एक तास.

जाळीपान

होतं, पण ते मोठ्या माणसाने चुलीशी उभं राहून करायचं काम आहे, मुलांचं नाही. सोड्याचं गरम पाणी कातडी आणि डोळे दोन्ही भाजतं. करायचंच असेल तर स्टीलचा गंज (पातेलं) घ्या. अॅल्युमिनियमचा घेतला तर सोडा त्याला खातो आणि भांडं काळं पडतं. पाणी थंड झाल्यावर पानं तीन वेळा साध्या पाण्यातून काढा आणि मगच मुलांच्या हाती द्या. ब्रशचं काम तेव्हाही त्यांनाच करू द्या.

मला स्वतःला कुजवण्याची रीत जास्त मोलाची वाटते. दर आठवड्याला एक पान काढून फळ्याशेजारी लावलं तर पान कसं विरघळत जातं ते मुलांना चार पायऱ्यांत दिसतं.

सागाच्या बाबतीत हे काम अळीच करून ठेवते. पावसाळा सरता सरता सागावर पान कुरतडणारी अळी येते. ती शिरांमधला मऊ भाग खाते आणि जाळी तशीच सोडते. ऑक्टोबरात धुऱ्यावरच्या सागाखाली अशी हातभर जाळीची पानं मिळतात. घडी न घालता मोठ्या पुठ्ठ्यावर आडवी आणा.

वऱ्हाडी_कडबा

बंडीचं, म्हंजे खेळण्यातल्या बैलगाडीचं, कोणीच लिहिलं नाही. तान्ह्या पोळ्याले लेकराईचा लाकडाचा नंदी असते, त्याच्यामागं धांड्याची (जवारीच्या वाळल्या ताटाची) बंडी अन् तिच्यावर पानाचं छप्पर लावलं तं शोभा येते. पोळ्यापर्यंत कोरडा धांडा ठेवा लागते. म्हणून नवा कडबा आला की आत्ताच वीस-पंचवीस धांडे बाजूले काढून टांगून ठेवा. जवारी आता कमी झाली, सोयाबीन अन् पऱ्हाटीच जास्त, पण ज्याच्या घरी ढोरं हायेत त्याच्याकडं कडबा भेटते.

धांड्याची साल मोठ्या माणसानं काढाची. ते ब्लेडसारखी धारदार राहते, लेकराईचे बोटं कापते. सालीच्या दोन-दोन इंचाच्या काड्या करा, हेच खिळे. आतला पांढरा गर इंच-इंच कापा, हे जोड. गरात साल खुपसली की पक्कं बसते, गोंद लागत नाही. दोन लांब धांडे जूपर्यंत, मधात पाच आडव्या काड्या, झाली बंडी. गर ओला असन तं साल ढिली होऊन निंघते, म्हणून धांडा पुरा वाळलेला पायजे.

तुऱ्हाटी, म्हंजे तुरीची काडी, घेतली तं तिच्यात असा गर नसते, सुतळीनं बांधा लागते.

कमची

या बंडीची चाकं सागपानाच्या फळीची करा. एका चाकासाठी गोणपाटात नरम केलेल्या सागपानाचे पाच गोल कापायचे, १० सेंटिमीटरचे. जाड मधली शीर वगळून कापायचे. एकावर एक खळीने चिकटवताना पहिल्याच्या शिरा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, तिसऱ्याच्या पुन्हा उभ्या. प्लायवूड असंच बनतं. सगळ्या शिरा एकाच दिशेला ठेवल्या तर वाळताना चाक पन्हळीसारखं वळतं. खळ पातळ, बोटाने पसरून. वर-खाली कागद ठेवून विटांखाली दोन दिवस. पहिल्या दिवशी कागद दोनदा बदला, नाहीतर आत बुरशी धरते. वाळल्यावर कात्रीने कड सारखी करून मध्ये खिळ्याने भोक पाडा.

छपरासाठी अशीच तीन थरांची फळी करून ओली असतानाच बाटलीभोवती बांधून वाळवली की कमान धरते.

सागाचा मुखवटाही याच रीतीने. एका पानामागे कागदाचा एक थर चिकटवायचा. कागद असला की डोळ्यांची भोकं फाटत नाहीत आणि सागाच्या मागची लव मुलांच्या गालाला टोचत नाही. डोळ्यांच्या भोकांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत साधारण साडेपाच सेंटिमीटर अंतर ठेवा. मुलाच्या चेहऱ्यावर एकदा धरून खूण करा.

सातपुडा_पायवाट

मुलांना वेचायला पाठवण्याआधी चार गोष्टी.

पानांच्या ढिगात हात घालायचा नाही. काठीने ढीग आधी उलटायचा, मग वरची पानं घ्यायची. ढिगाखाली विंचू असतात, फुरसं असतं, घोणस तर वाळल्या पानात दिसतच नाही. पायात चप्पल नको, बूट.

बिब्याचं झाड मुलांना लांबून दाखवून ठेवा. पान मोठं, लांबट, टोकाला गोल, मागून पांढुरकं. आकार पाहून मुलं ते उचलतात. बिब्याचा चीक कातडीवर फोड उठवतो. ते पान, फळ काहीच वेचायचं नाही आणि जाळायचंही नाही, धूरही बाधतो.

खाजकुयरीच्या शेंगा या दिवसांत वेलीवर वाळलेल्या असतात. त्यांची तपकिरी लव खालच्या पानांवर झडते, म्हणून त्या वेलीच्या आसपासची पानं सोडून द्या. लव लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उपटा आणि मग धुवा. रुई आणि कण्हेर हस्तकामात नकोच, चीक डोळ्यांत गेला तर घात होतो.

पानांचा चुरा कापडी पिशवीत घालून करायचा आणि तोंडाला रुमाल बांधायचा. दम्याचं मूल असेल तर त्याला चुऱ्याऐवजी चिकटवण्याचं काम द्या.

चिमणी_वर्ग

सर्वांचे आभार. दोन अडचणी. डिंकाने चिकटवलेली पानं दोन दिवसांत कागदासकट वळली. आणि लॅमिनेशन केलेलं आपट्याचं पान आतून काळं पडलं.

कमची

डिंक घट्ट झाला असणार. बाभळीचा किंवा धावड्याचा ५० ग्रॅम डिंक १०० मिली पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. सगळ्या पानाला न फासता मधल्या शिरेवर आणि कडेने ठिपके द्या. डिंक वाळताना आकसतो आणि कागदाला ओढतो. ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब घातले की लवचिक राहतो. काही जण गूळ घालतात, त्याला मुंग्या लागतात.

पळसबन

आपटा ओला होता. बंद केलेल्या प्लास्टिकमधून ओल बाहेर पडत नाही, ती पानालाच खाते. लॅमिनेशनआधी जुन्या वहीत आठ-दहा दिवस दाबा, पहिले तीन दिवस रोज वहीचं पान बदला. तयार पान गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत ओल आहे.

चिमणी_वर्ग

शेवटचं. शाळा जूनच्या शेवटी उघडेल. तोपर्यंत मुलांचं काम कुठे ठेवू?

मोहफूल

माळ्यावर नको. कवेलूच्या छपराखाली मे महिन्यात पानं भाजून निघतात आणि उंदीरही लागतात. झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. तळाला वाळलेला निंबाचा पाला, त्यावर कागद, मग एक काम, पुन्हा कागद. जाळीदार पानं सगळ्यांत वर, त्यांच्यावर वजन नको. डबा विटांवर ठेवा, मातीच्या भिंतीला टेकू देऊ नका, वाळवी तिथूनच येते. पहिला पाऊस पडून दोन दिवस ऊन निघालं की डबा उघडून कागद बदला आणि निंबाचा पाला नवा घाला. उन्हात मात्र काहीच पसरू नका, बदामाचा लाल रंग चार दिवसांत उडतो.